बेरीज बरोबर आहे, नोंद दाखवा: सीए फायनलच्या परीक्षा समितीस आणि परीक्षकांस खुले पत्र

नातेपुते, ता. माळशिरस, जि. सोलापूर
४ जुलै २०२५

परीक्षा समितीतील मान्यवर आणि आमच्या उत्तरपत्रिका तपासणारे सर्व परीक्षक यांस,

सप्रेम नमस्कार.

मे २०२५ च्या परीक्षेचा निकाल येत्या रविवारी, ६ जुलैला लागण्याची शक्यता आहे, असं या आठवड्यात कळलं. म्हणजे हे पत्र तुमच्यापर्यंत पोचेल तेव्हा माझे गुण ठरलेले असतील. त्यामुळे हे पत्र गुण मागायला लिहिलेलं नाही, हे आधीच सांगते. निकालानंतर लिहिलं असतं तर नापास झाली म्हणून रडतेय, असं कुणीतरी म्हणालं असतं. आणि पास झाले असते तर, खरं सांगायचं तर, लिहिलंच नसतं. पास झालेला माणूस या विषयावर पुन्हा तोंड उघडत नाही, हे मी माझ्या तीन सिनियरांच्या बाबतीत पाहिलंय. कालपर्यंत तावातावाने बोलणारे निकालाच्या दुसऱ्या दिवशी म्हणायला लागले, ‘अगं, सिस्टिम तशी ठीकच आहे.’ म्हणून आज, दोन दिवस आधी, लिहून टाकते.

फायनलचे दोन ग्रुप, प्रत्येकात तीन पेपर. मी पहिल्या ग्रुपची परीक्षार्थी. तिसरा अटेंप्ट. ऑगस्ट २०२१ ते ऑगस्ट २०२४ अशी पुण्यात तीन वर्षं आर्टिकलशिप, म्हणजे सीएच्या ऑफिसात उमेदवारी, केली. मे २०२४ ला दोन्ही ग्रुप दिले. दुसरा निघाला, पहिल्यात एएफएमला, म्हणजे वित्त व्यवस्थापनाच्या पेपरला, ३४ पडले. नोव्हेंबर २०२४ ला फक्त पहिला ग्रुप दिला. एफआर, म्हणजे आर्थिक अहवालांचा पेपर, ५६, एएफएम ४०, ऑडिट ५१. बेरीज १४७. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते: प्रत्येक पेपरात किमान ४० लागतात आणि ग्रुपच्या तीनशेपैकी १५०. मी तीन गुणांनी राहिले.  

आता या वेळचं. आमचा पहिला ग्रुप २, ४ आणि ६ मेला झाला. शेवटचा पेपर देऊन मी रूमवर आले आणि दोन-तीन दिवसांत सीमेवरच्या तणावामुळे ९ मेपासूनचे पेपर पुढे ढकलल्याचं कळलं. माझी रूममेट दुसऱ्या ग्रुपची. तिच्या घरून तासातासाला फोन येत होते. पेपर १६ ते २४ मे या काळात होणार हे तुम्ही लवकर सांगितलंत, तेव्हा त्या घरातल्यांचा जीव भांड्यात पडला. जे चांगलं केलंत ते चांगलं म्हणायला माझी ना नाही.

मी रूम सोडून गावी आले. तिथलं भाडं देऊन निकालाची वाट बघत बसणं परवडणारं नव्हतं. पहिले आठ दिवस नुसती झोपले. नंतर पेपर आठवायला लागले. ते सलग आठवत नाहीत, तुकड्यातुकड्याने आठवतात. एएफएमच्या एका प्रश्नात फॉरवर्ड प्रीमियम मिळवायचा होता तो मी वजा केला, हे मला एका रात्री साडेअकराला दात घासताना समजलं. तशीच ब्रश तोंडात धरून वही काढली, गणित पुन्हा मांडलं. उत्तर दुसरंच आलं. तीन तासांत शंभर गुण म्हणजे एका गुणाला एक मिनिट अठ्ठेचाळीस सेकंद. आठ गुणांचं गणित चौदा मिनिटांत वाचायचं, समजून घ्यायचं, मांडायचं आणि सोडवायचं. त्यात तीस गुणांच्या बहुपर्यायी प्रश्नांसाठी लांबच्या लांब केस वाचायच्या. शेवटच्या वीस मिनिटांत माझ्या आकड्यांना पाय फुटले होते, हे मला ठाऊक आहे. सुपरवायझर बाईंनी पेपर हातातून घेतला तेव्हा एक पोटप्रश्न अर्धा राहिला होता.

पेपर अवघड होता ही माझी तक्रार नाही. तो अवघडच असावा. उद्या माझी सही पाहून बँक कर्ज देईल आणि एखादा निवृत्त शिक्षक आपली पुंजी शेअरमध्ये घालील. त्या सहीची किंमत राहायची तर दार अरुंदच हवं. अर्धा राहिलेला पोटप्रश्न, वजा केलेला प्रीमियम, हे माझ्या खात्याला मीच टाकते. माझ्या चुका मला माहीत असतात तेव्हा मी शांत झोपते. झोप उडते ती जे बरोबर लिहिलंय असं वाटतं, त्याच्या भीतीने.

कारण मागच्या वेळी तसंच झालं.

नोव्हेंबरच्या निकालानंतर मी ऑडिटच्या उत्तरपत्रिकेची प्रमाणित नक्कल मागवली. पाचशे रुपये भरले. ५१ कमी नव्हते, पण माझ्या अंदाजाने साठच्या जवळ जायला हवे होते. नक्कल आली ती रूमवर लॅपटॉपवर उघडली. माझंच अक्षर, माझ्याच अधोरेखित ओळी. पाच गुणांच्या एका प्रश्नाला मी पाऊण पान लिहिलं होतं. आधी कुठलं स्टँडर्ड, म्हणजे ऑडिटचा कुठला ठरलेला नियम, लागू होतं ते, मग ते काय म्हणतं, मग दिलेल्या प्रसंगाला ते कसं लागतं, आणि शेवटी निष्कर्ष. असंच लिहावं असं आम्हाला शिकवतात. बाजूला गुण होते दीड. फक्त दीड. कुठे रेघ नाही, फुली नाही, प्रश्नचिन्ह नाही. पुढच्या पानावर त्याहून तोकड्या उत्तराला साडेतीन. त्याचंही कारण नाही. खरं सांगायचं तर तो साडेतीनचा आकडाच मला जास्त छळत राहिला. नशीब आणि चूक यातला फरक कळेना.

मी पडताळणीचा अर्ज केला. त्याचे पेपरमागे शंभर रुपये. पडताळणीत काय पाहतात ते नियमात स्पष्ट आहे: सगळी उत्तरं तपासली गेली का आणि बेरीज बरोबर आहे का. पुनर्मूल्यांकनाची सोय नाही. उत्तर आलं, गुणांत बदल नाही. म्हणजे बेरीज बरोबर होती. ती बरोबरच असणार. हिशेबाची परीक्षा घेणाऱ्यांची बेरीज चुकेल असं मलाही वाटलं नव्हतं.

आमच्या आण्णांचं खत-बियाण्यांचं दुकान आहे. सध्या खरिपाचे दिवस, त्यामुळे गिऱ्हाईक आणि उधारी दोन्ही जोरात. जीएसटीचं सगळं मी कॉम्प्युटरवर करते, पण उधारीची वही आण्णा आजही हाताने लिहितात. परवा एक गिऱ्हाईक आलं. बाकी ऐकून एकदम चढ्या आवाजात, ‘एवढी कशी झाली? परत बघा.’ आण्णांनी बेरीज पुन्हा केली नाही. वही त्याच्याकडे फिरवली आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायला लागले. अमुक तारीख, युरिया दोन गोण्या. अमुक तारीख, सोयाबीनचं बियाणं एक बॅग. तिसऱ्या ओळीला तो म्हणाला, ‘ते पोरानं नेलं व्हय.’ अर्धे पैसे देऊन गेला. आण्णा मला म्हणाले, गिऱ्हाईक बेरजेवर भांडत नाही, नोंदीवर भांडतं. नोंद दाखवली की गप होतं.

तेव्हाच या पत्राचं ठरलं.

आर्टिकलशिपच्या पहिल्या महिन्यात मी एका कारखान्याच्या व्हाउचरांवर हिरव्या पेनाने टिक मारत बसले होते. दिवसभरात दोन फाइली उरकल्या म्हणून खूश होते. संध्याकाळी सिनियरने फाइल उघडली, एका टिकवर पेन ठेवलं आणि विचारलं, ही कशाच्या आधारावर मारलीस? मी म्हटलं, बिल पाहिलं. ‘मग बिल पाहिलं असं लिही बाजूला. काय पाहिलं, कुणाची मंजुरी पाहिली. टिक म्हणजे पुरावा नव्हे.’ दोन्ही फाइली पुन्हा केल्या, रात्री साडेनऊपर्यंत. त्या वेळी राग आला होता. आज त्या सिनियरचे आभार मानते.

पुढे तेच पुस्तकात भेटलं. एसए (स्टँडर्ड ऑन ऑडिटिंग) २३०, ऑडिट डॉक्युमेंटेशन, म्हणजे केलेल्या ऑडिटची लेखी नोंद. त्या ऑडिटशी आधी संबंध नसलेल्या अनुभवी ऑडिटरने फाइल उघडली तरी काय तपासलं, काय सापडलं आणि निष्कर्षाला कसे पोचलात हे त्याला कळलं पाहिजे. एसए ७०५ त्यापुढे जातं. कंपनीच्या हिशेबाला बिनशर्त मत द्यायचं नसेल तर त्याचा आधार काय, हे रिपोर्टात वेगळ्या परिच्छेदात लिहावंच लागतं. नुसतं ‘मला पटलं नाही’ चालत नाही. ऑडिटरांवर देखरेख ठेवायला २०१८ मध्ये स्थापन झालेल्या एनएफआरए या संस्थेच्या आदेशांतही ऑडिटरांवर येणारा ठपका पुष्कळदा हाच असतो, की काम केल्याचा पुरावा फाइलमध्ये नाही. आमच्या धंद्यातलं जुनं वाक्य आहे, फाइलमध्ये नाही म्हणजे केलंच नाही.

मग मला सांगा, पाचातले साडेतीन गुण कापणं हे सशर्त मत नाही का? त्याचा आधार सांगणारा परिच्छेद कुठे आहे? आणि ही उत्तरपत्रिका ऑडिटच्याच पेपरची होती, हे तरी बघा.

आईला हे सगळं समजावून सांगत होते. ती चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. म्हणाली, ‘पाच मार्काचं हुतं, दीड दिला. साडेतीन कशाचं कापलं, ते कुठं लिवलंय?’ एसए २३० तिने वाचलेलं नाही.

आता तुमची बाजू. ती मला दिसते. नोव्हेंबर २०२४ ला पहिल्या ग्रुपला ६६,९८७ जण बसले आणि ११,२५३ पास झाले, १६.८ टक्के. एकेकाचे तीन पेपर धरले तर एका ग्रुपच्याच दोन लाखांच्या आसपास उत्तरपत्रिका. तपासणारे तुम्ही बरेच जण दिवसभर स्वतःची प्रॅक्टिस सांभाळून किंवा कॉलेजात शिकवून रात्री स्क्रीनसमोर बसता. आमचं अक्षर तिसऱ्या तासाला कसं होतं ते मला माहीत आहे. प्रत्येक उत्तरावर दोन ओळींचा शेरा लिहा, असं मी म्हणणार नाही. ते होणार नाही, आणि झालं तर निकाल सहा महिन्यांनी लागेल.

पण उत्तरपत्रिका आता स्कॅन होतात आणि स्क्रीनवर तपासल्या जातात. गुण द्यायलाही क्लिक करावंच लागतं. मग निम्म्याहून कमी गुण दिले की एक छोटी यादी उघडावी आणि त्यातलं एक कारण निवडल्याशिवाय पुढे जाता येऊ नये. यादी पाच-सहा कारणांची पुरे. तरतूद चुकली. तरतूद बरोबर, पण प्रसंगाला लावताना चूक. निष्कर्ष नाही किंवा उलटा. आकडेमोड चुकली. पायऱ्या दाखवल्या नाहीत. विचारलं एक, लिहिलं दुसरं. बस्स. उत्तरामागे तीन-चार सेकंद. एवढ्याने माझ्यासारखीचे सहा महिने वाचतील. कारण माझ्या दीड गुणाशेजारी ‘निष्कर्ष उलटा’ असं असतं, तर मी त्या रात्री पुस्तक काढलं असतं, चूक शोधली असती आणि विषय मिटला असता. त्याऐवजी मी तीन आठवडे कधी अक्षर सुधारलं, कधी उत्तरं लांब केली, कधी छोटी केली. एका क्लासचे सर म्हणाले, सेक्शन नंबर चुकला तर गुण जातात, नाहीतर लिहूच नका. दुसरे म्हणाले, नंबर लिहिला नाही तर गुण जातात. दोघांचे व्हिडिओ लाखो जण बघतात. तुम्ही गप्प राहता म्हणून त्यांचं फावतं.

परीक्षकांची नावं मला नकोत. ती गुप्त राहिली पाहिजेत, नाहीतर उद्या तुमच्या ऑफिसबाहेर रांग लागेल. आमच्या सरांना एका साध्या सर्टिफिकेटवर सही करायची तरी अठरा अंकी यूडीआयएन, म्हणजे त्या कागदाचा ओळखक्रमांक, काढावा लागतो, २०१९ पासून. तेवढा जाच मी तुमच्यामागे लावत नाहीये. मला माणूस नको, कारण हवं आहे.

दुसरी तक्रार वेळेची आहे. या वर्षापासून फायनल वर्षातून तीनदा होणार, हा निर्णय मनापासून आवडला. पूर्वी एक अटेंप्ट गेला की सहा महिने जायचे. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की रविवारी जो नापास होईल त्याला ३ सप्टेंबरच्या पेपरापर्यंत मोजून ५९ दिवस आहेत. त्यात फॉर्म जुलैतच भरायचा. एका ग्रुपचे १,८०० रुपये. आता त्याने नक्कल मागवायची, ती यायची वाट बघायची, आल्यावर आपण कुठे कमी पडलो ते शोधायचं आणि मग तयारी बदलायची, हे कधी करायचं? मागच्या वेळी माझ्या हाती नक्कल आली तेव्हा पुढच्या परीक्षेचं माझं पहिलं रिव्हिजन संपत आलं होतं. परीक्षा तीनदा केलीत, तर चूक कळण्याची सोयही त्याच वेगाने झाली पाहिजे. स्कॅन केलेली पानं तुमच्याकडे निकालाच्या दिवशी तयारच असतात. ज्याला हवी त्याच्या लॉगिनमध्ये ती त्याच दिवशी द्या. पाचशे रुपये घ्यायचे तर घ्या, पण लगेच द्या. तपासलेली उत्तरपत्रिका पाहणं हा परीक्षार्थीचा हक्क आहे, असं माहिती अधिकाराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच म्हटलंय. हक्क उशिरा मिळाला तर तो अभ्यासाच्या उपयोगाचा राहत नाही, एवढंच माझं म्हणणं.

तिसरी गोष्ट सजेस्टेड उत्तरांची, म्हणजे परीक्षेनंतर तुम्ही प्रसिद्ध करता त्या नमुना उत्तरांची. ती छान असतात. इतकी छान की तीन तासांत कुणी तसं लिहू शकेल असं वाटत नाही. पण आठ गुणांच्या गणितात कुठल्या पायरीला किती गुण, हे त्यात नसतं. आम्ही अंदाजाने स्वतःला गुण देतो आणि अंदाज नेहमी दीडपट निघतो. परीक्षकांना गुणवाटप दिलं जात असेलच. तपासणी संपली, निकाल लागला, की ते आम्हालाही दाखवायला काय हरकत आहे?

आणि निकालाची तारीख. वेळापत्रक तुम्ही काही महिने आधी देता, मिनिटाबरहुकूम: दोन वाजता पेपर, पावणेदोनपासून वाचायला पंधरा मिनिटं. निकाल मात्र ‘या दिवशी लागण्याची शक्यता’ असा शेवटच्या काही दिवसांत कळतो. तोवर जूनच्या मध्यापासून रोज कुणीतरी मोबाइलवरच्या ग्रुपवर टाकतं, ‘उद्या रिझल्ट.’ एसीसीएसारखी परदेशी परीक्षा निकालाची तारीख आधी सांगते. आपल्याला ते जमणार नाही असं मला वाटत नाही. यंदा रविवारी आषाढी एकादशी आहे. माऊलींची पालखी या आठवड्याच्या सुरुवातीलाच आमच्या गावातून पुढे गेली. आण्णा दरवर्षी दशमीला रात्रीच्या एसटीने पंढरपूरला जातात. कळसाचं दर्शन घेऊन, चंद्रभागेत पाय बुडवून दुसऱ्या दिवशी दुकान उघडतात. या वेळी परवा तारीख कळल्यावर म्हणाले, ‘राहू दे, पुढच्या वर्षी बघू.’ पोरीचा निकाल असताना त्यांना घराबाहेर राहायचं नाही. दिल्लीत बसून आषाढी लक्षात ठेवा अशी माझी अपेक्षा नाही. दोन महिने आधी कळलं असतं तर ते कार्तिकीचं ठरवून निवांत झाले असते, एवढंच.

काठावरच्यांबद्दलही थोडं लिहायला हवं, कारण मी त्यांच्यातली आहे. तीनशेपैकी १४५ ते १४९ मध्ये अडकलेल्यांच्या उत्तरपत्रिका निकालाआधी दुसऱ्या परीक्षकाने पाहाव्यात. असं काही आजही होत असेल, तर कसं होतं ते लिहून जाहीर करा. ऑडिटमध्ये आम्ही सगळी व्हाउचरं तपासत नाही, नमुना घेतो. पण जिथे धोका जास्त तिथे नमुना मोठा घेतो. तीन गुण म्हणजे तीनशेचा एक टक्का. कंपनीच्या हिशेबात एवढा फरक कदाचित आम्ही सोडून देऊ. माणसाच्या वर्षात तो सोडून देता येत नाही. वर्ष म्हणजे रूमचं भाडं, अभ्यासिकेची फी, लग्नाचा विषय काढणाऱ्या आत्या, आणि ‘किती अटेंप्ट झाले?’ असा इंटरव्ह्यूतला पहिला प्रश्न.

सगळ्यांचं पुनर्मूल्यांकन करा, असं मी म्हणत नाही. माझे काही मित्र म्हणतात, माझं त्यांच्याशी पटत नाही. दर वेळी निम्मे जण अर्ज करतील आणि तुमचं पुढचं वेळापत्रक कोलमडेल. पण दिलेलं कारण आणि पानावरचं उत्तर यांचा उघड मेळ नसेल, म्हणजे ‘निष्कर्ष नाही’ असं म्हटलंय आणि शेवटच्या ओळीत निष्कर्ष अधोरेखित केलेला आहे, तर तेवढ्या एका प्रश्नाची फेरतपासणी व्हायला हवी. कारण लेखी असेल तरच हे शक्य आहे. आज कारणच नाही, त्यामुळे हरकत घ्यायला धरायचं काय?

तर माझ्या मागण्या, सरळ शब्दांत. निम्म्याहून कमी गुण दिलेल्या प्रत्येक लेखी उत्तराला ठरलेल्या यादीतलं एक कारण नोंदवा, जानेवारी २०२६ च्या परीक्षेपासून. कारणासह स्कॅन केलेली उत्तरपत्रिका निकालाच्याच दिवशी मागता आणि मिळवता यावी. सजेस्टेड उत्तरांत पायरीनिहाय गुण छापा. निकालाची तारीख वेळापत्रकातच जाहीर करा. अगदीच पुढे न्यावी लागली तर न्या, आम्ही समजून घेऊ, मे महिन्यात घेतलंच होतं. काठावरच्या उत्तरपत्रिका दुसऱ्या डोळ्याखालून घाला आणि त्याची पद्धत सांगा. या कामासाठी परीक्षकांचं मानधन वाढवावं लागलं तर वाढवा. त्यासाठी परीक्षा शुल्क शंभर-दोनशेने वाढलं तरी ते पैसे मी क्लासच्या ‘मार्क्स कसे वाढवाल’ लेक्चरपेक्षा आनंदाने देईन.

परीक्षक महोदय, तुमच्यापैकी एकाने माझं मे महिन्याचं ऑडिटचं उत्तर वाचलेलं असणार. कदाचित पाऊस पडत असेल, कदाचित रात्रीचे बारा वाजले असतील आणि तुम्हाला आणखी वीस उरकायची असतील. तुम्ही दिलेत ते गुण मला मान्य आहेत. मी चुकले असेन. बऱ्याचदा चुकतेच.

रविवारी दोनच्या सुमाराला आण्णा दुकानाचं शटर अर्धं खाली ओढतील, आई साबुदाणा तसाच गॅसवर ठेवून बाहेर येईल आणि मी मोबाइलवर सहा अंकी रोल नंबर टाकीन. जे दिसेल ते दिसेल. तिन्ही पेपरांच्या नकला मागवायला लागणारे दीड हजार रुपये मात्र मी बाजूला काढून ठेवलेत. पास झाले तरी मागवणार आहे.

आपली,
सीए फायनल, पहिल्या ग्रुपची एक परीक्षार्थी